टिटवीपुरतं रान

घार हा पक्षी मला जन्मात आवडला नाही. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. अंगणात पिल्लं सोडावीत, जरा पाठ फिरवावी आणि जमिनीवरून एक सावली सरकावी. कोंबडी ओरडते, आपण ओरडतो, तोवर एक पिल्लू कमी झालेलं असतं. म्हणून घार दिसली की माझ्या तोंडातून आपोआप निघतं, "मुडदा बशिवला मेलीचा!" हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून पुष्पाबाई घारीची बाजू घेते असं कुणाला वाटायला नको.

मंठ्याहून परतूरला जाताना जलसा फन पार्कचं फाटक लागतं. त्या फाटकासमोर माझी चहा-भज्यांची टपरी. नवरा परतूरच्या धान्याच्या मोंढ्यात हमाली करतो, टपरीचं सगळं मीच बघते. पार्क जोरात होतं तेव्हा रविवारी मला मान वर करायला फुरसत नसायची. शाळांच्या सहली यायच्या, हळदीच्या अंगानं नवरा-नवरी यायची, म्हातारेसुद्धा नातवंडांच्या नावाखाली पाळण्यात बसून घ्यायचे. मग कोरोनाची टाळेबंदी आली. त्यातच पार्कचा मालक, जालन्याचा मोठा शेठ वारला, पोरांत वाटण्यांवरून जुंपली आणि फाटकाला कुलूप लागलं ते लागलंच. पाण्याच्या हौदात बाभळी उगवल्या. लहान मुलांच्या आगगाडीला हसरं तोंड रंगवलेलं होतं, त्याचे पोपडे गळून गेले आणि मागं नुसते दात राहिले. लोक मला म्हणाले, टपरी उचला आता. मी उचलली नाही. माणसाला वाटत असतं, आज ना उद्या चालू होईल.

ते सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल, तर रखमाजीला.

रखमाजी पार्कातला आकाशपाळणा चालवायचा. पार्क बंद झाल्यावर तो तिथलाच राखणदार झाला. तिकीटघराशेजारच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको उषा राहायची. बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी, असा माणूस. त्याचं रान दुधनेच्या धरणात गेलेलं. काळंभोर, कापसाचं रान होतं म्हणे. त्यानंतर हाताला काम म्हणून तो इथं लागला, आणि पहिल्याच दिवशी पाळण्याच्या टोकाला जाऊन खाली आला तो उषाला म्हणाला, "वरून आपलं रान दिसून राह्यलं." रान कसलं दिसतंय, पाणी दिसत होतं. पण त्या पाण्याखाली कुठं आपला बांध, कुठं विहीर, हे त्याला वरून बरोबर ओळखू यायचं. तेव्हापासून तो त्या पाळण्याला चिकटला. घरच्या बैलाची करावी तशी त्याची निगा ठेवायचा.

पार्क बंद झाल्यावर वीज तोडली, तरी हा रोज सकाळी पाळणा हातानं फिरवायचा. खालचा डबा धरून रेटायचा, तो वर गेला की पुढचा. उषा पलीकडून ओढायची. जात्याला दोघी बसाव्यात तशी ती दोघं, आणि ते पाच मजल्यांचं धूड किरकिरत एक फेरी पुरी करायचं. मी एकदा विचारलं, कशाला हा उद्योग? तर म्हणाला, "उभं राह्यलं की धरतं ते, पुष्पाबाई. ग्रीस नुसतं भरून भागत न्हाई. फिरवलं तरच पोटात जातं."

या वर्षी संक्रांत झाली आणि जालन्याहून रामप्रसादचा फोन आला. रामप्रसाद म्हणजे शेठच्या पोरांचा कारभारी. नांदेडची एक पार्टी पार्क चालवायला घ्यायला तयार होती. बाकीचं सगळं मोडकळीला आलंय हे पार्टीलाही माहीत होतं. पण आकाशपाळणा डोळ्यांसमोर फिरताना दिसला तर पार्क घेऊ, असं ते म्हणाले होते. रामप्रसादनं रखमाजीला स्पष्ट सांगितलं, "पाळणा फिरला तर तू चालक, तुझी खोली तुझी. न्हाई फिरला तर समदं कापून जालन्याच्या भट्टीत. अक्षय तृतीयेच्या पुढंमागं येतील ते. तयार ठेव."

त्या दिवशी रखमाजीनं माझ्याकडं येऊन स्वतःहून भजी खाल्ली. एरवी सणालासुद्धा न हसणारा माणूस, मला म्हणाला, "पुष्पाबाई, मोठी कढई घासून ठेवा." मी घासून ठेवली. खोटं कशाला बोलू, तारेच्या घासणीनं घासली.

आणि मग माघात ती घार आली.

आधी तोंडात काडी घेऊन आली. मग तार, मग चिंधी. पाळण्याच्या अगदी टोकाला, लोखंडी चाकाच्या कडेवर दोन पट्ट्या जिथं एकमेकींना मिळतात त्या बेचक्यात तिनं पसारा मांडला. डब्यात घरटं केलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. चाक फिरलं तरी डबा आपला सरळच लोंबतो. पण ही मेली कडेवर बसली. चाक अर्धं फिरलं की तो बेचका खाली तोंड करणार आणि घरटं पालथं होणार. रखमाजीनं दोन-चार दिवस वाट पाहिली, मग वर चढून बघून आला.

"अंडी हायेत," तो म्हणाला.

"मुडदा बशिवला मेलीचा," मी म्हणाले. "काढून फेका. दुसरीकडं घालील. बाभळी काय कमी हायेत का?"

तो हात पुसत आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळण्याची किरकिर ऐकू आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हणून मी चहाचं निमित्त करून आत गेले, तर नवरा-बायकोचं जुंपलेलं.

रखमाजी सांगत होता, "माझा बाप वखर हाकताना टिटवीची अंडी दिसली की बैल उभे करायचा. अंड्याभवती चार धोंडे मांडायचा आन् तेवढं सोडून वखर पुढं न्यायचा. पेरताना बी तेवढं सोडायचा. अंड्यावरून बापानं कधी वखर न्हाई नेला, मंग मी कसा नेऊ?"

ही आमच्याकडची रीत आहे, खोटी नाही. माझ्या माहेरीही सोडायचे. हिरव्या पिकात मधेच एवढासा उघडा तुकडा दिसला की समजायचं, इथं टिटवी बसली होती.

उषा म्हणाली, "अवं, रान होतं ते. टिटवीपुरतं सोडलं तरी बाकीचं पिकायचं. ह्याच्यात तेवढंच कसं सोडता येईल? एक डबा थांबला की अख्खं चाक थांबतं का न्हाई?"

रखमाजी उठला. पायात वहाणा सरकवल्या आणि हौदाकडं चालता झाला. उषा माझ्याकडं वळली. "आक्का, तुमी तरी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील." माझं कोण ऐकतंय? तरी मी सांगितलं. एकदा नाही, दहादा सांगितलं. थोडं इकडंतिकडं हलवून बघा म्हटलं, तर म्हणाला, "हलवलं. इतभर सरकलं की उडून जाती, अन् मंग लय येळ बसत न्हाई. अंडी थंड पडतील." शेवटी मी म्हटलं, भाऊ, तुमच्या पोटावर बसलीय ती. तेव्हा एवढंच म्हणाला, "अक्षय तृतीयेच्या आधी पिल्लं उडतील. मंग आठ दिवस रात्रंदिवस फिरवतो. बराबर होतं."

त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. आभाळाला मात्र तो माहीत नव्हता.

होळी झाल्यावर एका दुपारी काळं भरून आलं आणि गारा पडल्या. लिंबाएवढ्या. माझ्या टपरीच्या पत्र्याचं ढोलकं झालं. मी कोंबड्या पोत्यात कोंबून बाकड्याखाली शिरले. फटीतून पार्क दिसत होतं. तिकीटघराच्या वळचणीला रखमाजी उभा होता आणि वर बघत होता. मीही बघितलं. ती वर बसून होती. उठली नाही, उडाली नाही. पंख पसरून, मान खाली घालून बसली होती आणि गारा तिच्यावर पडत होत्या. लोखंडावर आपटलेल्या गारांचा आवाज इथवर येत होता. तिच्या अंगावर पडलेल्यांचा येत नव्हता एवढंच.

पाऊस थांबायच्या आत रखमाजी वर चढला. ओल्या लोखंडावरून, या वयात. उषा खाली उभी राहून त्याला आणि त्याच्या बापाला नावं ठेवत होती. तो उतरला तेव्हा हात रक्ताळलेले, घारीनं टोचलेलं. धावत टपरीवर आला.

"कोरडी हायेत, पुष्पाबाई! पंख फाटलाय तिचा, पर अंडी कोरडी हायेत!"

"मुडदा बशिवला तिचा," मी म्हणाले, आणि त्याच्या हातावर हळद दाबली.

त्या दिवसानंतर त्याला कुणी काही सांगण्यात अर्थ नव्हता. गारांचं पाणी पाळण्याच्या आसात शिरलं असणार हे त्याला कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या दिवशी तो ग्रीसचा डबा घेऊन वर गेला, होतं नव्हतं ते सगळं ग्रीस आसात भरलं. पण फिरवल्याशिवाय ग्रीस पोटात जात नाही, हे त्यानंच मला सांगितलं होतं. रामप्रसादचा फोन यायचा, पाळणा कसाय? हा म्हणायचा, "बराबर हाय साहेब." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, फोन ठेवल्यावर किती तरी वेळ पाळण्याच्या पायाशी घुटमळायचा.

मग पिल्लं निघाली. दोन. खालून आधी नुसता चिरका आवाज यायचा, मग पांढरी डोकी दिसायला लागली. आणि माझ्या कोंबडीची पिल्लं भराभर कमी व्हायला लागली. सकाळी मोजावीत तर एक नाही, दुपारी दुसरं नाही. मी दगड मारले, टोपलं झाकलं, शिव्या तर अखंड चालू. रखमाजी फाटकातून ऐकायचा आणि गालात हसायचा. एकदा म्हणाला, "तुमच्या शिव्या खाऊनच वाढून राह्यली पिल्लं." मला असा राग आला! आणि मजाही वाटली. त्या दिवसांत आम्हा तिघांनाही जरा बरं वाटत होतं हे खरं. पांढरी डोकी तपकिरी झाली. पिल्लं घरट्याच्या काठावर उभी राहून पंख झाडायला लागली. आणखी पंधरा दिवस, रखमाजी म्हणायचा. मग बारा. मग दहा.

पार्टी हनुमान जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी आली.

फोन नाही, निरोप नाही. पुढं रामप्रसादची गाडी, मागं नांदेडची गाडी आणि त्यामागं एका छोट्या टेम्पोत जनरेटर. पांढऱ्या कपड्यातले दोघं उतरले, हौद बघितला, आगगाडी बघितली, नाकाला रुमाल लावला. मी चहाचं ताट घेऊन आत गेले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. जनरेटर पाळण्याच्या मोटारीला जोडला.

रखमाजी रामप्रसादसमोर हात जोडून उभा राहिला. "साहेब, वर पिल्लं हायेत. आठ-दहा दिवसांत उडतील. तेवढे द्या."

पार्टीतला एक जण वर बघून हसला. "आम्ही पार्क घ्यायला आलो का पाखरांचा दवाखाना?"

रामप्रसाद हसला नाही. रखमाजीला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "हे लोक परत येणार न्हाईत, रखमाजी. आज फिरला तर फिरला. न्हाईतर कटर. तुझं तू बघ."

रखमाजीनं वर बघितलं. मग उषाकडं बघितलं. उषा जमिनीकडं बघत होती. एवढे दिवस त्याच्याशी भांडलेली बाई, पण त्या वेळी तिच्या तोंडून "फिरवा" असं निघेना. मीही ताटातल्या कपांकडं बघितलं. त्यानं टोपी काढली, तोंड पुसलं, टोपी परत घातली आणि चौथऱ्यावर चढला. खिशातून शिट्टी काढली. प्रत्येक फेरीच्या आधी तो शिट्टी वाजवायचा, लोकांनी डब्यातली साखळी लावून घ्यावी म्हणून. आता डब्यात कोण होतं? तरी वाजवली. आणि दांडा ओढला.

मोटार गुरगुरली. पट्टा ताणला. सगळा पाळणा थरथरला, डब्यांवरची धूळ खाली आली. पण चाक बोटभरही हललं नाही.

त्यानं दांडा सोडला, पुन्हा ओढला. जळक्या रबराचा वास सुटला. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा पट्टा तुटून भिंतीवर आदळला आणि मोटार नुसतीच मोकळी फिरत राहिली. वर घार एकदा उठली, चिरकली आणि परत बसली.

पार्टीचे लोक चहा न पिताच गाडीत बसले. रामप्रसाद जाता जाता एवढंच म्हणाला, "फोनवर बराबर हाय म्हणत होतास की, बाबा." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

गाड्या गेल्यावर रखमाजी चौथऱ्यावर बसून राहिला. उषा खोलीत निघून गेली आणि आतून कडी लावून घेतली. मी थंड चहाचं ताट घेऊन तिथंच उभी होते.

"मी दांडा वढला, पुष्पाबाई."

"वढावाच लागतो, भाऊ. पोटाचा प्रश्न होता."

"पिल्लं वर हायेत हे माहीत असून वढला. वढताना मनात म्हणून राह्यल्तो, फिर, फिर, फिर." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "एवढे दिवस ज्यांच्यासाठी थांबलो, त्यांना पालथं करायला निघाल्तो. आन् तरी बी फिरला न्हाई."

मी ताट चौथऱ्यावर टेकवलं. पिल्लंही त्यानं विकली आणि किंमतही हाती पडली नाही, असं काहीसं माझ्या मनात आलं आणि ते मनात आलं म्हणून माझाच मला राग आला. माणूस रडत असला की मला तिथं उभं राहवत नाही. मी ताट उचलून टपरीवर आले आणि घासलेली मोठी कढई पुन्हा माळ्यावर टाकली.

जालन्याचा भंगारवाला अजमत लगेच दोन-चार दिवसांत आला. बरोबर क्रेन, गॅसकटर आणि माणसं. तिशीतला पोरगा, तोंडाचा गोड. आल्या आल्या त्यानं रखमाजीला सलाम केला. रखमाजीनं त्याला वर बोट दाखवलं.

अजमतनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "चाचा, माझ्या हातात असतं तर महिना थांबलो असतो. क्रेन आज एकाच दिवसाची हाय. उद्या ती परभणीला चालली." मग जरा थांबून म्हणाला, "एक करतो. घरट्याचा तुकडा अख्खा कापून खाली देतो. बिलकुल धक्का लागू देत न्हाई."

आणि दिला शब्द पाळला. कटर घेऊन तो स्वतः वर गेला. घरट्यावर ओलं पोतं टाकलं, ठिणगी उडू नये म्हणून. नर आणि मादी, दोन्ही घारी त्याच्या डोक्यावर झडप घालत होत्या, हेल्मेटवर टकटक आवाज यायचा. मी खालून ओरडले, "मुडदा बशिवला, पोराचे डोळे फोडशील!" तो वरून हसून म्हणाला, "मारू द्या खाला, माँ हाय ती." अर्ध्या तासात बेचक्यासकट तो तुकडा क्रेनच्या हुकाला लोंबत, घरटं तसंच्या तसं ठेवून, खाली आला.

पहिल्यांदाच आम्ही ते जवळून बघितलं. काड्या कमी आणि कचराच जास्त. तारा, सुतळी, पार्कातल्या पताकांची चिंधी, कुण्या पोरीची लाल रिबीन. आणि माझ्या कोंबडीच्या पिल्लांची पिवळी पिसं. दोन पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. पंख पूर्ण भरलेले, फक्त टोकांना अजून बारीक लव. आठ दिवसांचा प्रश्न होता. खरंच आठच दिवसांचा.

दिवसभर पाळणा तुकड्या-तुकड्यानं उतरत राहिला. घारी खाली आल्या नाहीत. जिथं पाळण्याचं टोक होतं, तेवढ्याच उंचीवर त्या गिरक्या घालत होत्या. एकीच्या पायात उंदीर होता. टोक गेलं, चाक गेलं, आस गेला. वर नुसतं आभाळ राहिलं, तरी त्या तिथंच. खाली पिल्लं ओरडत होती. पण एवढ्या माणसांत, कटरच्या आवाजात, त्या धुरात त्या कशाला उतरतील? उषानं मटणाचा तुकडा पुढं धरला तर पिल्लं मागं सरकली आणि तिच्याकडं बघून फुसफुसली.

ऊन उतरलं, काम संपलं. रखमाजी दिवसभर एका बाजूला बसून होता. तो उठून क्रेनवाल्याकडं गेला. क्रेनवाला बबलू, केबिनमध्ये तंबाखू मळत होता.

"भाऊ, तो तुकडा वर धरता येईल का? होता तिथंच."

बबलूनं अजमतकडं बघितलं. अजमत म्हणाला, "धर रे. घेऊन जा वर."

पुन्हा हुक लावला. घरट्याचा तुकडा हळूहळू वर गेला. रखमाजी खालून हातानं दाखवत होता, अजून वर, अजून, थोडा परतूरकडं. मोजायला तिथं काही नव्हतं. पण त्याला ती जागा पाठ होती. "बस," तो म्हणाला. बबलूनं दांडा सोडला.

सगळे वर बघत उभे राहिले. कटरवाले, हमाल, उषा, मी. घारीनं लांबून गिरकी घेतली. मग जवळून. मग क्रेनच्या लांब हातावर येऊन बसली, मान वाकडी करून बघितलं. आणि टपकन तुकड्यावर उतरली. पिल्लांनी तोंडं उघडली. तिनं उंदीर पायाखाली धरला आणि फाडून फाडून भरवायला लागली.

मला रडू आलं, खरं सांगते. माझ्या कोंबड्या खाल्लेली ती मेली, आणि मी पदर तोंडाला लावून उभी. रखमाजीचा चेहरा मात्र असा झाला होता, की पाळणा पुन्हा उभा राहिलाय आणि रविवारची गर्दी आत शिरतेय. उषानं त्याचा दंड धरला होता. अजमत म्हणाला, "देखो चाचा, ओळखलं तिनं."

नरही आला. दोघं आळीपाळीनं येत-जात राहिले. बबलूनं तंबाखू खाल्ली, ती थुंकली, पुन्हा मळली. सूर्य दुधनेच्या बाजूला टेकला. मग त्याचा फोन वाजला. तो दोनदा "हो हो, निघालो" म्हणाला, तिसऱ्यांदा फोन कानापासून लांब धरून त्यानं रखमाजीकडं बघितलं.

"चाचा, अंधारात ही रस्त्यावर काढता येत न्हाई. माझी नोकरी जाईल."

रखमाजीनं मान हलवली. कुणाची नोकरी जाणं म्हणजे काय हे त्याला नव्यानं सांगायला नको होतं. बबलूनं दांडा ओढला, अगदी हळू. तुकडा खाली यायला लागला. घार तुकड्यावरच बसली होती. बाभळींच्या शेंड्यांपर्यंत ती तशीच बसून खाली आली. मग उडाली आणि वर, जिथून निघाली होती तिथं जाऊन गिरक्या घालायला लागली.

लोखंडाचा तुकडा टेकवता येईल आणि कुणी लक्ष ठेवील असं उंच ठिकाण आता एकच उरलं होतं, माझ्या टपरीचा पत्रा. तुकडा तिथं ठेवला. क्रेन गेली. सकाळी ट्रक भरून निघाले आणि त्यातल्याच एका ट्रकच्या केबिनमध्ये रखमाजी आणि उषाची दोन बोचकी चढली. खोली रिकामी करायला सांगितलं होतं. अजमतनं ओळखीनं त्याला जालन्याच्या एका भट्टीच्या फाटकावर राखणदार म्हणून लावायचं कबूल केलं होतं. म्हणजे पाळणा जिथं वितळणार, तिथंच हा उभा राहणार.

"पिल्लांकडं लक्ष ठेवा, पुष्पाबाई," तो केबिनमधून म्हणाला.

"मी? माझी दहा पिल्लं खाल्लेल्या मेलीच्या पोरांना मी सांभाळू? मुडदा बशिवला तिचा!"

तेव्हा तो जरासा हसला. "तुमची शिवी ऐकली की बरं वाटतं," म्हणाला. ट्रक परतूरच्या बाजूला वळला तोवर उषा माझ्याकडं बघत होती.

मी काय केलं, ते सांगते. त्याच दुपारी एक तलंग कोंबडी कापली. अंड्यावर आलेली, चांगली. बारीक तुकडे केले, शिडी लावून पत्र्यावर गेले. धाकट्यानं तोंड उघडलंच नाही. मोठ्यानं दोन तुकडे गिळले आणि मग तेही बंद. पत्रा तव्यासारखा तापलेला. मी पोती ओली करून टाकली, पाणी शिंपडलं. घार यायची. पायात कधी सरडा, कधी मासा. रस्त्यापलीकडं, रिकाम्या आभाळात, बरोबर त्याच जागी घिरट्या घालायची. मी वर बघून हात करायचे, ओरडायचे, "इकडं हाय गं, इकडं!" ती खाली बघायची नाही. एकदा तिच्या पायातला मासा सुटून पाळण्याच्या चौथऱ्यावर पडला. मी तो उचलून आणला आणि पिल्लापुढं ठेवला. तोपर्यंत धाकटं मेलं होतं. दुसऱ्या सकाळी मोठ्याच्या डोळ्यांना मुंग्या लागलेल्या दिसल्या.

दोघांना घेऊन मी पार्कात गेले. पाळण्याच्या पायाचे खड्डे होते, त्यातल्या एकात पुरलं. वर चार धोंडे मांडले. घार अजून येते. तिथं वर काहीच नाही, तरी येते.

अक्षय तृतीयेला फोन वाजला. मागं कसली तरी घरघर चालू होती, भट्टीची असेल.

"पुष्पाबाई, उडाली का पिल्लं?"

"उडाली की," मी म्हणाले. "दोन्ही उडाली. परवाच. दुधनेकडं गेली."

"दुधनेकडं?"

"हो. मी बघत होते ना. पहिलं मोठं उडालं, मंग धाकटं. आई बरोबर होती."

पलीकडून घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मला वाटलं फोन लागत नाही, म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"तुमी शिवी न्हाई दिली आज," रखमाजी म्हणाला.

मी तोंड उघडलं. रोज दहा वेळा निघणारी शिवी होती, पण त्या वेळी काही केल्या निघेना. त्यानं जरा वेळ वाट बघितली आणि फोन ठेवला.